तेलाकडून तारेकडे : युद्धनौकांवरील बदलती यंत्रशक्ती

(नाशिक शहरातील इंदिरानगर येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर.)

गोदाकाठच्या माणसाला समुद्र तसा परकाच. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरांवर जन्म घेते. परंतु त्याच्याकडे पाठ फिरवून ती पूर्वेकडे निघते आणि जवळजवळ दीड हजार किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. तरीही या नदीचे नाव अरबी समुद्रावर बत्तीस वर्षे अभिमानाने वावरले. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘गोदावरी’ ही युद्धनौका १० डिसेंबर १९८३ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली आणि २३ डिसेंबर २०१५ रोजी सेवानिवृत्त झाली. भारतीय अभियंत्यांनी संकल्पिलेली ती पहिली फ्रिगेट. सव्वाशे मीटरांहून अधिक लांबीची ही नौका दोन सी किंग हेलिकॉप्टरे वाहून नेत असे. १९८८ मध्ये मालदीवमधील बंडखोर ओलिसांसह जहाजातून पळून जात असता त्यांना गाठण्याच्या कामगिरीतही ती सहभागी होती.

अशा नौकेचे सामर्थ्य तिच्या तोफांवरून व क्षेपणास्त्रांवरून मोजण्याची प्रथा आहे. पण तोफ वळवायची, सुकाणू फिरवायचे, नांगर उचलायचा, तर त्यामागे एखादी शक्ती काम करीत असावी लागते. गेल्या शतकात बहुतेक युद्धनौकांवर ही शक्ती तेलाच्या दाबातून मिळत आली. आता जगातील नौदले त्या तेलाची जागा विजेच्या मोटारीला देऊ पाहत आहेत. हा बदल का होत आहे, त्यात लाभ कोणते आणि धोके कोणते, आणि समुद्रापासून दूर असलेल्या नाशिक जिल्ह्याने त्याची दखल का घ्यावी, हा या विवेचनाचा विषय आहे.

तेलाच्या दाबाची किमया

हायड्रॉलिक हा शब्द आज खेड्यापाड्यांत सर्वांच्या तोंडी आहे. ट्रॅक्टरचा चालक एक दांडी ओढतो आणि मागचा जड नांगर अलगद वर उचलला जातो. ऊस किंवा खडी भरलेली ट्रॉली पालथी होते ती याच शक्तीने. यामागचे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडले. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे ते तत्त्व. १७९५ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने त्यावर आधारलेला दाबयंत्राचा शोध लावला. १८४६ च्या सुमारास विल्यम आर्मस्ट्राँग याने न्यूकॅसलच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबाने चालणारी यारी उभी केली आणि तेथून ही शक्ती बंदरांवर व जहाजांवर पसरली.

तिचे बळ साध्या हिशेबाने ध्यानात येते. पंपाने तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅम केला आणि ते तेल साडेअकरा सेंटिमीटरांहून थोड्या कमी व्यासाच्या नळकांड्यात सोडले, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरते व त्यावर २० टनांचा जोर मिळतो. एवढ्याशा जागेत एवढा जोर देणारे दुसरे साधन दीर्घकाळ कोणापाशीच नव्हते.

जहाजाला असा जोर पदोपदी लागतो. पूर्ण वेगाने जाणाऱ्या जहाजाचे सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत फिरले पाहिजे, असा व्यापारी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियम आहे. युद्धनौकेला शत्रूचा मारा चुकवायचा असतो. तिच्याकडून याहूनही चपळाईची अपेक्षा असते. लाटांवर डोलणारी नौका स्थिर ठेवण्यासाठी तिच्या दोन्ही कुशींना माशाच्या परांसारखे पंख असतात आणि ते सतत कोन बदलत राहतात. याशिवाय नांगराचे रहाट, याऱ्या, हेलिकॉप्टरगृहाची दारे, दारूगोळा वर आणणाऱ्या लिफ्ट आहेतच. पाणबुडीत तर सुकाणूपासून परिदर्शीच्या खांबापर्यंत कितीतरी हालचालींमागे तेलाचा दाब असतो. माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या पसराव्यात तशा तेलाच्या नळ्या जहाजभर पसरलेल्या असतात.

नळ्यांचे ओझे, आगीचे भय

या उपमेतच अडचणही दडलेली आहे. शरीरातील रक्तवाहिनी आपली आपण भरून येते, पोलादी नळी येत नाही. सागरी हवेने ती गंजते, यंत्रांच्या कंपनांनी तिचे सांधे सैल पडतात, रबरी सील कालांतराने कडक होऊन चिरतात. ठिबकणारे तेल पुसणे, सांधे आवळणे आणि गाळण्या बदलणे यांत खलाशांचे असंख्य तास जातात. तेलात केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढे कण शिरले तरी नाजूक झडपा अडकू लागतात. म्हणून गोदीत नवे जहाज बांधताना या नळ्या वाकवणे, जोडणे, आम्लाने धुणे आणि ठरलेली स्वच्छता येईपर्यंत त्यांतून तेल फिरवीत राहणे, हे एक मोठे वेळखाऊ काम होऊन बसते. शिवाय दाब कायम ठेवण्यासाठी, काम असो वा नसो, पंप चालूच ठेवावे लागतात. त्यात वीज खर्च होते आणि आवाजही होतो. पाणबुडीच्या बाबतीत हा आवाज म्हणजे शत्रूला दिलेला पत्ताच.

सर्वांत मोठे भय आगीचे. दाबाखालच्या नळीला सुईच्या अग्राएवढे भोक पडले, तरी तेल धुक्यासारखे बारीक होऊन उडते. ते तापलेल्या पृष्ठभागावर पडले किंवा ठिणगीशी त्याची गाठ पडली, की क्षणार्धात भडका उडतो. अमेरिकी नौदलाच्या ‘बेनिंग्टन’ या विमानवाहू नौकेवर २६ मे १९५४ रोजी हेच घडले. विमाने उडवून देणाऱ्या कॅटापल्ट यंत्रणेतील हायड्रॉलिक द्रव गळून त्याचा स्फोट झाला. १०३ माणसे प्राणास मुकली आणि २०१ जखमी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९५३ मध्ये, ‘लेटी’ या नौकेवर कॅटापल्टच्या यंत्रकक्षात झालेल्या स्फोटात ३७ जण दगावले होते. तेलाच्या दाबावर चालणारे कॅटापल्ट त्यानंतर मागे पडले आणि वाफेच्या कॅटापल्टचा काळ सुरू झाला. १९६१ मध्ये भारतीय नौदलात आलेल्या पहिल्या ‘विक्रांत’वर वाफेचेच कॅटापल्ट होते.

या संदर्भात ग्रामीण भागालाही एक सूचना उपयोगी पडावी. ट्रॅक्टरच्या किंवा खोदाई यंत्राच्या नळीतील गळती बोट लावून कधीही शोधू नये. दाबाखालची तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. गळती पाहावयाची तर प्रथम यंत्र बंद करून दाब उतरवावा आणि पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. धार कातडीत शिरल्याचा नुसता संशय आला, तरी वेदनेची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

विजेचा पर्याय

विजेवर हालचाल घडवून आणणाऱ्या साधनाला अभियंते इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर म्हणतात. त्याची रचना समजण्यास कठीण नाही. एक मोटार, तिला जोडलेले दंतचक्र, त्याने फिरणारा मळसूत्राचा दांडा आणि त्या दांड्यावर पुढेमागे सरकणारी चाकी. मोटारीला किती व कोणत्या दिशेने फिरावयाचे, हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक सांगतो. दांडा नेमका कुठवर आला, हे एक संवेदक त्या नियंत्रकाला कळवतो. पाणीपुरवठा केंद्रातील मोठ्या झडपा मोटारीने उघडताना पुष्कळांनी पाहिल्या असतील. हे त्याच जातीचे साधन होय. मोटारगाड्यांमध्ये तर हा बदल सर्वांच्या डोळ्यांदेखत घडून गेला. पूर्वी पॉवर स्टिअरिंगसाठी तेलाचा पंप असे. आज बहुसंख्य नव्या प्रवासी गाड्यांत ते काम लहानशी विद्युत मोटार करते आणि चाक वळवावयाचे असेल तेवढीच वीज घेते.

जहाजावर याचे लाभ उघड आहेत. नळ्यांच्या जागी तारा येतात. तार अरुंद जागेतून वळवून नेता येते आणि एक तुटली तर दुसऱ्या मार्गाने वीज पोचवण्याची सोय आधीच करून ठेवता येते. तेल नसल्याने तेलाची आग नाही आणि समुद्रात तेल सांडण्याची भीती नाही. मोटारीला किती प्रवाह लागतो यावर लक्ष ठेवले, तर एखादा भाग जड चालू लागल्याचे तो निकामी होण्यापूर्वीच कळू शकते. ब्रिटिश नौदलाने आपल्या साडेचार इंची तोफेच्या सुधारित आवृत्तीत तोफगोळा भरण्याची जुनी हायड्रॉलिक यंत्रणा काढून विजेवरची बसवली. २००१ पासून ती वापरात आली. तोफ तीच राहिली, पण तिची रचना सुटसुटीत झाली आणि वजन घटले.

घाईचे मोल

एवढे लाभ असता सर्वच नौदलांनी तेलाला रजा का दिली नाही, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. ब्रिटिश नौदलाची ‘इन्व्हिन्सिबल’ ही युद्धनौका १९०९ मध्ये सेवेत आली, तेव्हा तिच्या बारा इंची तोफांचे चारही बुरूज प्रयोग म्हणून विजेवर चालणारे होते. काम दोन नामांकित कंपन्यांकडे विभागून दिले होते. तरीही चाचण्यांत बुरूज नीट वळेनात, तोफा वेळेवर भरल्या जाईनात. दुरुस्त्यांवर वर्षे गेली. अखेर १९१४ मध्ये मोठा खर्च करून विजेची यंत्रणा काढण्यात आली आणि तेथे हायड्रॉलिक यंत्रणा बसवण्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फॉकलंड बेटांजवळच्या लढाईत ही नौका उतरली ती बदललेल्या बुरुजांनिशी. वीज ही नवी म्हणून श्रेष्ठ ठरली नाही. तिला मोटार, नियंत्रण आणि निरोधक द्रव्ये यांची जोड लाभण्यास आणखी अनेक दशके जावी लागली.

अलीकडचा अनुभवही बोलका आहे. अमेरिकेची ‘जेराल्ड फोर्ड’ ही विमानवाहू नौका जुलै २०१७ मध्ये नौदलात आली. तिच्यावर विमाने उडवण्याचे यंत्र विद्युतचुंबकीय आहे, आणि दारूगोळा वर नेणाऱ्या अकरा लिफ्ट पोलादी दोरांऐवजी रेखीय विद्युत मोटारींवर चालतात. संकल्पना उत्तम होती, पण नौका दाखल झाली त्या दिवशी त्यांपैकी एकही लिफ्ट कामास सिद्ध नव्हती. शेवटची लिफ्ट नौकेच्या स्वाधीन झाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. चार वर्षांहून अधिक काळ गेला तो जहाजावरच त्रुटी शोधण्यात. जमिनीवर पूर्ण कसोटी न घेता नवे यंत्र थेट जहाजावर चढवले, की असे मोल द्यावे लागते.

आणखी एक मुद्दा आपल्या उष्ण समुद्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ब्रिटनच्या ‘डेअरिंग’ वर्गातील विनाशिका विजेवर चालतात. आखाताच्या उष्ण वातावरणात त्यांच्या वीजनिर्मिती यंत्रणेतील दोष उघडे पडले आणि काही प्रसंगी संपूर्ण नौकाच वीजहीन झाली. पुढे अधिक शक्तीची जनित्रे बसवण्याचा मोठा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. जहाजावरील सारेच विजेवर सोपवले, की वीज जाणे म्हणजे सारे थांबणे. हायड्रॉलिक यंत्रणेत दाब साठवून ठेवता येतो आणि अडीअडचणीला हातपंपानेही काम भागवता येते. विजेच्या यंत्रणेत तशी तजवीज मुद्दाम करून ठेवावी लागते.

यांत्रिक बाजूही आहे. तेलाच्या दट्ट्यातील दाब गेला, तर झडप उघडून तो मोकळा करता येतो व दुसरा दट्ट्या सुकाणू फिरवू शकतो. मळसूत्राचा दांडा अडकला, तर सुकाणू आहे त्याच जागी अडकून बसण्याचा धोका असतो. मोठा भार एका जागी धरून ठेवताना, ब्रेक नसल्यास, मोटारीत सतत प्रवाह वाहतो व ती तापते. याउलट तेलाची झडप एकदा बंद केली की भार आपोआप धरला जातो. म्हणूनच दारे, झडपा, लहान याऱ्या, दारूगोळ्याची वाहतूक अशा ठिकाणी वीज लवकर शिरली. पण मोठ्या जहाजांचे सुकाणू आजही बहुधा तेलाच्याच दाबाने फिरते आणि तेलाचा पंप तेवढा विजेवर चालतो.

मधला मार्ग

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे आणि तो समजून घेण्यास नाशिककरांना ओझरच्या विमान कारखान्याचे उदाहरण सोईचे पडेल. १९६० च्या दशकात मिग विमानांसाठी उभारलेल्या या कारखान्यात पुढे सुखोई-३० बनू लागली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए विमानाने पहिली भरारी घेतली. या आधुनिक विमानांत वैमानिकाची आज्ञा तारेतून जाते, पण पंखांवरील हलते भाग प्रत्यक्ष हलवणारा जोर तेलाच्या दाबाचा असतो. म्हणजे हुकूम विजेचा आणि बळ तेलाचे.

त्यापुढची पायरी म्हणजे बळही तारेतून नेणे. यासाठी मोटार, छोटा पंप, थोडेसे तेल आणि दट्ट्या ही सर्व सामग्री एकाच डब्यात बसवतात आणि तो डबा हालचालीच्या जागीच ठेवतात. बाहेरून येते ती फक्त वीज. जहाजभर पसरलेल्या नळ्या नाहीशा होतात, पण दट्ट्याचे गुण कायम राहतात. २००५ मध्ये प्रथम उडालेल्या एअरबस ए-३८० या प्रवासी विमानात अशी साधने वापरल्यामुळे तीनऐवजी दोनच हायड्रॉलिक मंडले पुरेशी ठरली. युद्धनौकांच्या सुकाणूसाठी व स्थैर्यपंखांसाठीही हा मार्ग व्यवहार्य आहे. तेव्हा तेल की वीज असा सरसकट निवाडा करण्यापेक्षा प्रत्येक जागेचा स्वतंत्र विचार करणे श्रेयस्कर होय. तेथे जोर किती लागतो, यंत्र बिघडले तर परिणाम काय, आणि भर समुद्रात ते दुरुस्त कोण करणार, हे तीन प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारले गेले पाहिजेत.

महाराष्ट्राच्या दारी

हा विचार आपल्या राज्याला दूरचा नाही. १९६० मध्ये शासनाच्या ताब्यात आलेल्या माझगाव गोदीने १९७२ मध्ये ‘निलगिरी’ ही फ्रिगेट नौदलाला दिली. त्याच नावाची नवी ‘निलगिरी’, ‘सुरत’ ही विनाशिका आणि ‘वागशीर’ ही पाणबुडी अशा याच गोदीने बांधलेल्या तीन नौका १५ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी मुंबईत राष्ट्राला अर्पण झाल्या. युद्धनौका साधारणपणे तीस वर्षे सेवेत राहते. म्हणजे आज आराखड्यावर तेलाची नळी आखावयाची की विजेची तार, याचा निर्णय या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बरोबर राहणार आहे. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी भारत आणि ब्रिटन यांनी भारतीय नौदलाच्या भावी नौकांसाठी विद्युत प्रणोदन यंत्रणा विकसित करण्याबाबत इरादापत्रावर सह्या केल्या. नौकेला पुढे ढकलणारी शक्तीच जेव्हा विजेची होते, तेव्हा तिच्यावर मुबलक वीज उपलब्ध असते आणि इतर हालचाली विजेवर आणणेही सुकर होते.

परंतु यंत्र बदलले, की ते सांभाळणारे हातही बदलावे लागतात. नौदलाच्या यांत्रिकी शाखेचे प्रशिक्षण लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ या संस्थेत होते. ती १९४५ पासून कार्यरत आहे. विद्युत शाखेचे शिक्षण जामनगरच्या ‘वालसुरा’ येथे मिळते. सील बदलणारा, नळीचा सूर ऐकून पंपाचे दुखणे ओळखणारा कारागीर हा एका परंपरेतला. प्रवाहाचा आलेख वाचून बिघाड शोधणारा दुसऱ्या परंपरेतला. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरला दोन्ही विद्या लागतात. त्यात मळसूत्र आणि दंतचक्रही आहे, आणि नियंत्रकही. तेलाची गळती थांबली म्हणून देखभाल संपत नाही. ती डोळ्यांना दिसेनाशी होते एवढेच, आणि न दिसणारा बिघाड शोधण्यास अधिक शिक्षण लागते. ‘इन्व्हिन्सिबल’पासून ‘फोर्ड’पर्यंतच्या अनुभवांचे सार काढावयाचे, तर ते असे की, यंत्र आणि ते समजणारी माणसे यांची तयारी बरोबरीने व्हावी लागते.

इंदिरानगरपासून अंबडची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. सातपूरही दूर नाही. विजेची उपकरणे आणि मोटारगाड्यांचे सुटे भाग बनवणारे कुशल हात येथे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. मोटार, दंतचक्र, अचूक कातलेला दांडा, संवेदक आणि नियंत्रक ही नव्या यंत्रणेची अंगे या हातांना अपरिचित नाहीत. त्यांना गरज आहे ती नौदलाच्या कसोट्यांना उतरणाऱ्या अचूकतेची. खारी हवा, आघात, कंपने आणि उष्णता सोसूनही न बिघडणारा भाग बनवण्याची शिस्त अंगी बाणावी लागेल.

शिक्षकांना यात पुष्कळ करण्यासारखे आहे. पास्कलचा नियम फळ्यावर लिहून संपवण्याऐवजी दोन लहानमोठ्या सिरिंज आणि एक रबरी नळी जोडून वर्गात दाखवता येतो. त्याच्या शेजारी खेळण्यातील मोटार आणि मळसूत्र ठेवले, तर एकच वजन दोन रीतींनी उचलून विद्यार्थी स्वतः तुलना करू शकतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा अभ्यासक्रम घेणाऱ्याने विजेची आणि इलेक्ट्रिशियनने यंत्रांची तोंडओळख करून घेतली, तर दोघांनाही उद्याचे काम सोपे जाईल. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावातील मुलामुलींना गणित व भौतिकशास्त्र न सोडण्याचा आग्रह धरावा. नौदलातील तांत्रिक कामांची वाट याच दोन विषयांतून जाते, आणि २०२२ पासून अग्निवीर म्हणून ती मुलींनाही खुली झाली आहे.

बेनिंग्टन नौकेवरील १०३ माणसे लढाईत पडली नव्हती. आपल्याच जहाजाच्या यंत्रणेतून सुटलेल्या द्रवाने त्यांचा घात केला. भर समुद्रात जहाजाच्या पोटात काम करणाऱ्या खलाशाला आगीपासून सुरक्षित ठेवणे आणि हाक मारताच सुकाणू वळेल याची त्याला खात्री देणे, यासाठीच हा सारा खटाटोप आहे. गोदावरीच्या काठी कातला गेलेला एखादा दांडा किंवा येथे शिकलेला एखादा तरुण उद्या ही खात्री देऊ शकला, तर समुद्राकडे पाठ फिरवून वाहणाऱ्या या नदीचा समुद्राशी असलेला जुना संबंध पुन्हा जुळून येईल.